दारातच ओळखायचं : यूके सेप्सिस ट्रस्टची वाटचाल

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहराच्या हद्दीत सटन कोल्डफील्ड नावाचं उपनगर आहे. तिथल्या गुड होप हॉस्पिटलमध्ये रॉन डॅनियल्स अतिदक्षता विभागाचे डॉक्टर होते. २००५ च्या सुमारास त्यांचा तिशीतला एक रुग्ण सेप्सिसने दगावला. घरी दोन लहान मुलं होती. सेप्सिसने माणसं जातात हे डॅनियल्स यांना नवं नव्हतं, आयसीयूत ते रोजच बघत होते. पण या रुग्णाला लागणारे उपचार महागडे नव्हते, दुर्मीळ नव्हते, कुठल्याही साध्या वॉर्डात मिळाले असते. ते वेळेवर सुरू झाले नाहीत, एवढंच. हे शल्य डॅनियल्स यांनी पुढे अनेक मुलाखतींतून बोलून दाखवलं आहे. आज ब्रिटनभर पसरलेल्या यूके सेप्सिस ट्रस्ट या संस्थेचं मूळ तिथे आहे.

सेप्सिस म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग होतो. फुप्फुसात, मूत्रमार्गात, पोटात किंवा एखाद्या चिघळलेल्या जखमेत. त्या जंतूंशी लढताना शरीराची स्वतःची यंत्रणाच बिथरते आणि आपल्याच अवयवांवर उलटते. रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते, श्वास वाढतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. आपल्याकडे नातेवाईक बाहेर येऊन सांगतात, ‘डॉक्टर म्हणाले, सगळ्या अंगात इन्फेक्शन पसरलंय.’ मृत्यूच्या दाखल्यावर मात्र बरेचदा न्यूमोनिया किंवा ‘मल्टिऑर्गन फेल्युअर’ लिहिलेलं असतं, त्यामुळे खरा मारेकरी नोंदीतून निसटतो. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक.

शास्त्र त्या काळात मागे होतं असं नाही. २००१ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या इमॅन्युएल रिव्हर्स यांनी दाखवून दिलं, की रुग्ण आयसीयूत पोचण्याची वाट न बघता आपत्कालीन विभागातच पहिल्या सहा तासांत कसून उपचार केले तर मृत्यू कमी होतात. त्यांच्या २६३ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण ४६.५ टक्के होतं, तर दुसऱ्या गटात ३०.५ टक्के. २००२ मध्ये बार्सिलोनात अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटना एकत्र आल्या. पाच वर्षांत सेप्सिसचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी करायचे, असा संकल्प त्यांनी सोडला आणि २००४ मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

अडचण अशी होती, की या सूचना आयसीयूच्या माणसांनी आयसीयूच्या भाषेत लिहिल्या होत्या. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घाला, तिथल्या रक्तातला ऑक्सिजन मोजा, वगैरे. आणि रुग्ण सगळ्यात आधी कोणाला दिसतो? आपत्कालीन विभागाच्या दारात उभ्या असलेल्या नर्सला. तिच्याकडे एका माणसामागे पाचेक मिनिटं असतात आणि समोर खोकल्यापासून हार्ट अटॅकपर्यंत सगळी रांग. त्यानंतर तो दिसतो कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या डॉक्टरला. रुग्णाचं भवितव्य या दोघांच्या हाती आणि ज्ञान मात्र दोन मजले वर, आयसीयूत. गुड होपच्या गटाने हे अंतर ओळखलं. त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, असं मला वाटतं.

डॅनियल्स, टिम नटबीम आणि त्यांच्या सहकारी डॉक्टर-नर्सनी ‘सर्व्हाइव्ह सेप्सिस’ नावाचा प्रशिक्षणक्रम उभा केला. २००६ मध्ये त्यातूनच ‘सेप्सिस सिक्स’ तयार झालं. पहिल्या एका तासात करायच्या सहा गोष्टी. तीन द्यायच्या : ऑक्सिजन, शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाईन. तीन घ्यायच्या किंवा मोजायच्या : ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंचा शोध), रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडल्याची खूण) आणि दर तासाची लघवी. यातली एकही गोष्ट आयसीयूवर अडून राहत नाही. रात्री तीन वाजता, मोठे डॉक्टर घरी झोपलेले असताना, एक नर्स आणि एक कनिष्ठ डॉक्टर मिळून ही सहाही कामं करू शकतात. मुद्दाम तसंच रचलं होतं.

हे प्रशिक्षण कशावर भर देतं, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. समजा, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या आहेत. दोन दिवस लघवीला जळजळ होती, आज सकाळपासून त्या मुलाला ओळखत नाहीत. ताप नाही, उलट अंग गारच लागतंय. वर्गातले बरेच जण म्हणतात, वय झालंय, गोंधळल्या असतील, बसवा बाहेर. इथेच पहिला धडा. म्हाताऱ्या माणसांत आणि तान्ह्या बाळांत सेप्सिस तापाशिवाय येऊ शकतो. अचानक आलेला गोंधळ म्हणजे मेंदूला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते, तो वयाच्या खात्यावर टाकायचा नाही. मग श्वास मोजायचा. नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब यंत्र सांगतं, श्वास मात्र माणसालाच मोजावा लागतो. म्हणून तो मोजलाच जात नाही. केसपेपरवर अंदाजाने १६ किंवा १८ लिहून मोकळे होतात. प्रशिक्षणात घड्याळ हातात देऊन पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायला लावतात. आजींचा श्वास मिनिटाला २६ भरतो आणि वर्गाचा सूर बदलतो. पंचवीस किंवा त्याहून जास्त म्हणजे धोक्याची खूण.

त्वचेचा भाग तर आपल्या लोकांनी नीट ऐकावा असा आहे. सेप्सिसमध्ये कातडीवर निळसर-करडी जाळी उमटते, अंग पांढुरकं पडतं, असं पुस्तकात असतं. पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची. सावळ्या किंवा काळ्या माणसात हा बदल सहज दिसत नाही, तिथे ओठ, जीभ, तळहात आणि तळपाय बघावे लागतात. ब्रिटिश सूचनांमध्ये ही गोष्ट आता स्पष्ट लिहिलेली आहे. तिथल्या दवाखान्यांत भारतीय वंशाचे रुग्ण लाखोंनी आहेत आणि भारतातून गेलेले डॉक्टर-नर्सही काही थोडे नाहीत, त्यामुळे हे वाक्य कोणाच्या तरी जिवाशी जोडलेलं आहे.

पुढचा टप्पा हातांचा. कल्चरचं रक्त अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं, नाहीतर जंतू सापडत नाहीत. पण शीर मिळत नाही म्हणून औषध ताटकळत ठेवायचं नाही. अनेक ब्रिटिश हॉस्पिटलांनी यासाठी एक साधी सोय केली : सेप्सिसचा खोका किंवा ट्रॉली. कल्चरच्या बाटल्या, सुया, सलाईनचा संच, तपासणीच्या नळ्या, तक्ता, सगळं एका जागी. एक वस्तू या कपाटात, दुसरी स्टोअरमध्ये, किल्ली तिसरीकडे, असं झालं की पंधरा-वीस मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. ज्याने कधी रात्रपाळी केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि शेवटी फोन. नर्सने वरिष्ठ डॉक्टरला फोन करून सांगायचं : ‘या रुग्णाला सेप्सिस आहे असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा.’ हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणायला लावतात. ऐकायला सोपं वाटतं, पण हॉस्पिटलची उतरंड माहीत असणाऱ्याला त्याचं वजन कळेल. ‘पेशंट जरा बरा वाटत नाहीये’ असं चाचरत सांगितलं की पलीकडून ‘बघतो’ येतं. आजाराचं नाव घेऊन, आकडे देऊन, वेळ सांगून मागितलं की माणूस जागचा उठतो. ‘सेप्सिस सिक्स’मधल्या सहा गोष्टी वैद्यकशास्त्राला आधीही माहीत होत्या. पहिल्या पायरीवरच्या माणसाला हे बोलायचा आणि लगेच कामाला लागायचा अधिकार आहे, ही गोष्ट मात्र नवी होती.

२०११ मध्ये गुड होपच्या गटाने ५६७ रुग्णांचा अनुभव ‘इमर्जन्सी मेडिसिन जर्नल’मध्ये मांडला. ज्यांना तासाभरात सहाही उपाय मिळाले त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २० टक्के होतं, ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यात ४४.१ टक्के. आकडे थक्क करणारे आहेत आणि म्हणूनच जपून वाचायचे. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. ज्याचा सेप्सिस पटकन ओळखू येतो तो रुग्ण मुळातच वेगळा असू शकतो, आणि जिथे सहाही गोष्टी वेळेवर होतात तिथे बाकीची शुश्रूषाही चांगली असते. पण आकड्यांनी एक काम केलं. हा विषय बर्मिंगहॅमच्या बाहेर गेला.

२०१२ मध्ये यूके सेप्सिस ट्रस्ट ही धर्मादाय संस्था रीतसर सुरू झाली. त्याच वर्षापासून १३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन पाळला जाऊ लागला. पुढच्या चार-पाच वर्षांत एकेक दार उघडत गेलं. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्रिटनच्या संसदीय व आरोग्यसेवा लोकपालांनी ‘टाइम टू अ‍ॅक्ट’ हा अहवाल काढला. सेप्सिसने गेलेल्या दहा रुग्णांच्या कहाण्या त्यात होत्या, आणि प्रत्येकीत वेळ हातातून निसटल्याचा तोच धागा. २०१५ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने हॉस्पिटलांना मिळणाऱ्या निधीचा एक भाग सेप्सिसशी जोडला : आपत्कालीन विभागात आलेल्या किती रुग्णांची सेप्सिससाठी चाचपणी केली आणि किती जणांना तासाभरात अँटिबायोटिक दिलं, याचा हिशोब मागितला जाऊ लागला. पैशाचा प्रश्न आला की व्यवस्थापन जागं होतं. प्रशिक्षणाला सुट्टी मिळत नव्हती, ती मिळू लागली. जुलै २०१६ मध्ये ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेच्या सेप्सिसविषयक सूचना आल्या.

याच काळात कॉर्नवॉलमधलं एक वर्षाचं बाळ सेप्सिसने गेलं. आईवडिलांनी डॉक्टरांना दाखवलं होतं, हेल्पलाइनला फोनही केला होता. फोनवरच्या माणसासमोर प्रश्नांची यादी होती, पण त्या यादीतून सेप्सिस ओळखता येत नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये चौकशी अहवाल आला तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. त्या आईने पुढे ट्रस्टबरोबर काम केलं आणि त्या वर्षाअखेरीस लहान मुलांच्या पालकांसाठी देशभर पत्रकं आणि पोस्टर निघाली. आता शिक्षण हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर पडलं होतं. ट्रस्टने मोठ्या माणसांसाठी दिलेली लक्षणांची यादी घरी फ्रिजवर लावण्याजोगी आहे : बोबडं किंवा असंबद्ध बोलणं, हुडहुडी भरून थरथरणं किंवा अंग विलक्षण ठणकणं, दिवसभरात लघवी न होणं, जोराची धाप, ‘आता मी मरणार’ असं वाटणं, कातडीवर डाग किंवा रंग बदलणं. पाचवं लक्षण वाचताना थबकायला होतं. रुग्ण स्वतःहून असं म्हणाला तर त्याला धीर देऊन गप्प करू नका, ते लक्षण समजा, असं एक संस्था छापून सांगते, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग टीका सुरू झाली, आणि ती रास्त होती. ‘एक तास’ हा नियम आला कुठून? त्याचा एक मोठा आधार म्हणजे आनंद कुमार आणि सहकाऱ्यांचा २००६ चा अभ्यास. रक्तदाब कोसळल्यानंतर अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं होतं. पण ते रुग्ण सेप्टिक शॉकमधले, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेले होते. तोच तास ताप आणि वाढलेली नाडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला लावला तर साध्या विषाणूच्या तापालाही भारी अँटिबायोटिक जाणार. औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात ते असेच. शिवाय धोक्याची घंटा दर तासाला वाजू लागली तर ऐकणारे कान बधिर होतात. दरम्यान २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ५६ हॉस्पिटलांतल्या ‘प्रॉमिस’ चाचणीत रिव्हर्स यांच्या गुंतागुंतीच्या पद्धतीचा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तोवर नेहमीचे उपचारच सुधारलेले होते, लवकर ओळख आणि लवकर औषध अंगवळणी पडलं होतं. माझ्या मते त्या निकालात साध्या गोष्टी सगळ्यांना शिकवण्याचाच गौरव आहे.

ट्रस्टने टीका मनावर घेतली. २०१९ मध्ये ‘सेप्सिस सिक्स’ची फेरमांडणी झाली : पहिली पायरी म्हणजे अनुभवी डॉक्टरने रुग्ण बघणं, आणि ऑक्सिजन सरसकट न देता गरज असेल तरच. जानेवारी २०२४ मध्ये ‘नाइस’ने मोठ्यांसाठी ‘न्यूज २’ हा गुणांक धरला. श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप आणि शुद्ध यांवरून तो काढतात. ७ किंवा जास्त गुण असतील तर तासाभरात अँटिबायोटिक. ५ किंवा ६ असतील तर तीन तासांपर्यंत थांबून खात्री करून घ्यायची मुभा. शिकवणं त्यामुळे अवघड झालं आहे. ‘सगळ्यांना तासाभरात’ हे डोक्यात बसवणं सोपं होतं. ‘कोणाला तासाभरात आणि कोणाला जरा थांबून’ हे शिकवायला निर्णयबुद्धी घडवावी लागते, आणि ती एका दुपारच्या वर्गात येत नाही.

शिकवलेलं किती टिकतं, हा प्रश्न तर आणखी खोल आहे. स्पेनमधल्या ५९ आयसीयूंमध्ये दोन महिन्यांची शिक्षणमोहीम राबवली गेली, तिचे निकाल २००८ मध्ये आले. मृत्यू ४४ टक्क्यांवरून ३९.७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासांतली सगळी कामं पूर्ण होण्याचं प्रमाण मात्र ५.३ वरून जेमतेम १० टक्के झालं आणि वर्षभरानंतर पुन्हा होतं तिथे आलं. सुदैवाने मृत्यूंचं घटलेलं प्रमाण टिकलं. ब्रिटनमध्ये दर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी कनिष्ठ डॉक्टरांची देशभर अदलाबदल होते. जुलैपर्यंत घडवलेली माणसं निघून जातात, नवे चेहरे येतात. ज्या विभागात सेप्सिसची जबाबदारी नावानिशी एका नर्सकडे असते, जी कुठेही जात नाही, दर महिन्याला केसपेपर काढून ‘इथे पंचेचाळीस मिनिटं का गेली’ असं विचारते, तिथे गाडी रुळावर राहते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०११ पासून ९७ आपत्कालीन विभागांत शिकवणं आणि मोजणं एकत्र बांधलं. तासाभरात अँटिबायोटिक मिळणाऱ्यांचं प्रमाण २९.३ टक्क्यांवरून २०१३ पर्यंत ५२.२ टक्के झालं.

मराठी वाचकाला या सगळ्यात गडचिरोली आठवेल, आणि आठवायलाच हवी. बर्मिंगहॅमच्या दहा-बारा वर्षं आधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळातला सेप्सिस लक्षणांवरून ओळखायला शिकवलं. बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, अंग लुळं पडलं. हॉस्पिटल लांब होतं, त्यामुळे जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही त्याच शिकल्या. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात नोंद आहे : सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. तिकडे यंत्रांनी भरलेला आपत्कालीन विभाग, इकडे मातीच्या घरातली बाळंतिणीची खोली. पण आजार्‍याला सगळ्यात आधी जो बघतो त्यालाच शिकवायचं आणि त्याच्यावर विश्वास टाकायचा, ही रीत दोन्हीकडे एकच.

आज ट्रस्टच्या तपासणी-तक्त्यांचे वेगवेगळे संच आहेत : बालकांसाठी, गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी, रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, वृद्धाश्रमांसाठी. बचावलेल्यांसाठी नर्स सांभाळतात अशी मदतवाहिनी आहे, कारण सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला पुढे कित्येक महिने थकवा, विसराळूपणा आणि भीती सोडत नाहीत. २०२४ पासून इंग्लंडमध्ये ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. २०२१ मध्ये सेप्सिसने गेलेल्या तेरा वर्षांच्या मार्था मिल्सच्या नावाचा हा नियम. रुग्णाची तब्येत ढासळतेय असं वाटलं तर घरचे लोक किंवा कुणीही कर्मचारी दिवसरात्र केव्हाही दुसऱ्या पथकाला बोलावू शकतो. नर्सच्या त्या फोनचा हक्क आता आईलाही मिळाला आहे.

तरीही ट्रस्टच्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे ४८,००० लोक सेप्सिसने दगावतात. आपत्कालीन विभाग तुडुंब आहेत, रुग्ण तासन्‌तास कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडून असतात. कॉरिडॉरमध्ये श्वास मोजायला कोणाला सवड? हा शिक्षणाने सुटणारा प्रश्न नाही, तिथे खाटा आणि माणसं लागतात. ट्रस्टची वर्षानुवर्षं आणखी एक मागणी आहे : सेप्सिसच्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंदवही हवी. कधी आला, कधी ओळखला, कधी औषध मिळालं, पुढे काय झालं. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये नियम करून हॉस्पिटलांना सेप्सिसची कार्यपद्धती, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि आकडे कळवणं बंधनकारक केलं. त्यामागेही बारा वर्षांच्या एका मुलाचे आईवडील होते. त्या सक्तीमुळेच २०१७ मध्ये १४९ हॉस्पिटलांतल्या ४९,३३१ रुग्णांचा अभ्यास होऊ शकला आणि उपचारांना तासागणिक होणाऱ्या उशिराबरोबर मृत्यूची शक्यता वाढते, हे इतक्या मोठ्या संख्येवर दिसलं. ब्रिटनमध्ये ‘सेप्सिस सिक्स’ निघाल्याला जवळपास वीस वर्षं होत आली, आणि ट्रस्ट त्या नोंदवहीसाठी अजून सरकारचे उंबरठे झिजवतो आहे.